टूल निवडताना आधी फीड बघा, मग कॅटलॉग

लाकूडकामाच्या लाइनवरचा कोणीही माणूस भेटला की थोड्या वेळाने एक प्रश्न येतोच, "चांगलं ब्लेड सांगा ना एखादं." कधी ब्लेडच्या जागी राउटर कटर असतो, कधी ड्रिल, पण प्रश्न तोच. मी उलट विचारतो की बोर्ड कुठला, मशीन कुठलं, आरपीएम (मिनिटाला फेरे) किती, फीड (माल किंवा कटर पुढे सरकायचा वेग) किती, आणि समोरचा जरा वैतागतो कारण त्याला कंपनीचं नाव हवं असतं. पण ह्या चार गोष्टी कळल्याशिवाय कुठलंही नाव सांगणं म्हणजे अंदाजपंचे. एका लाइनवर महिनोन्महिने मस्त चाललेला कटर दुसऱ्या लाइनवर एका शिफ्टमध्ये जळून काळा पडतो, आणि कटर तोच असतो, बॉक्स पण तोच.

माझं मत आधीच सांगून टाकतो, पुढचं सगळं त्याच्याभोवतीच फिरणार आहे. प्रोडक्शनमध्ये धार लाकूड कापून जेवढी जाते ना, त्यापेक्षा जास्त ती घासून जाते. दात लाकडात शिरून ढलपी काढण्याऐवजी नुसता घसटत राहिला की उष्णता होते आणि तीच धारेला खाते. बहुतेक ठिकाणी टूल महाग घेतलेलं असतं आणि ते चालवलेलं असतं घाबरत घाबरत, हळू फीडवर, म्हणजे पैसेही गेले आणि धारही.

तर आधी माल. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा आणि रेझिन दाबून केलेली शीट, त्यात कच्च्या मालाबरोबर वाळूचे कण येतात, आणि रिसायकल केलेलं लाकूड वापरलेलं असेल तर कधी स्टेपल किंवा खिळ्याचा तुकडाही निघतो. शिवाय जाडीत घनता सारखी नसते, वरचा आणि खालचा थर दाट, मधला भाग भुसभुशीत. त्यावर मेलामाइनचा, म्हणजे लॅमिनेटचा, कडक आणि ठिसूळ थर. त्यामुळे कटर काढून नीट बघितलात तर धार सगळीकडे सारखी झिजलेली दिसत नाही, जिथे लॅमिनेटची रेघ लागते तिथेच बारीक खाच पडलेली असते आणि बाकीची धार अजून बरी असते. मग चिपिंग, म्हणजे कडेचे बारीक तुकडे उडणं, सुरू होतं आणि आपण म्हणतो कटर गेला. गेला नाही हो, दोन ठिकाणी गेला. अशा वेळी कटर एक-दीड मिलिमीटर वर किंवा खाली घेतला, म्हणजे लॅमिनेटसमोर ताजी धार आली, की त्याच कटरवर बराच माल अजून निघतो. अर्थात सरळ धारेच्या कटरला हे जमतं, कंप्रेशन कटरला मर्यादा आहेत, त्यावर पुढे येतो.

एमडीएफ आतून बरंच एकसारखं, त्यामुळे कापायला सोपं वाटतं, पण बारीक तंतू आणि रेझिन यामुळे ढलपी अशी फारशी निघतच नाही, पीठ निघतं, आणि ते पीठ सक्शनने लगेच उचललं नाही तर कटर तेच तेच परत दळत बसतो. प्लायमध्ये गोंदाच्या रेषा धारेवर ओळीने खाचा पाडतात. एक थर उभ्या रेषेचा आणि पुढचा आडव्या रेषेचा असल्यामुळे तुसं निघतात ती वेगळीच. सॉलिड लाकडात गोंद नाही पण गाठी आहेत, डिंक आहे, ओल आहे. सागवानात तर सिलिका असते, म्हणून दिसायला मऊ आणि तेलकट असलेलं हे लाकूड धार पटकन बोथट करतं. ओल्या लाकडातली टॅनिनसारखी आम्लं कार्बाइडमधल्या कोबाल्टला खातात, म्हणजे तिथे नुसती झीज नाही, गंजही आहे.

आता टूलचं मटेरियल. हायस्पीड स्टील, म्हणजे एचएसएस, याला बोर्डवाले नाकं मुरडतात आणि बोर्डासाठी ते बरोबरच आहे, पार्टिकल बोर्डात एचएसएसची धार काही मीटरमध्ये जाते. पण मऊ सॉलिड लाकडावर फिनिश रंधा मारायचा असेल तर एचएसएसचं पातं अजूनही सुंदर काम करतं कारण त्याला बारीक कोनात धार लावता येते. कार्बाइड तेवढ्या बारीक कोनात घासलं तर कडा तुटते, म्हणून त्याचा कोन जरा जाड ठेवावा लागतो. हा फरक कॅटलॉगमध्ये मोठ्या अक्षरात लिहिलेला नसतो.

कार्बाइड, ज्याला वर्कशॉपमध्ये बरेच जण विडिया म्हणतात, ते मुळात लाकडासाठी आलंच नव्हतं. १९२३ साली ओसराम कंपनीतल्या कार्ल श्रोटरने टंगस्टन कार्बाइडचे कण कोबाल्टमध्ये बांधायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं, आणि गरज होती बल्बमधली टंगस्टनची तार ओढायच्या डायची, कारण त्यासाठी लागणारे हिऱ्याचे डाय फार महाग पडत होते. आज आपण ज्यावर दिवसाला शेकडो शीट कापतो ते असं दिव्याच्या धंद्यातून आलेलं आहे. तर त्यात दोन गोष्टी बघायच्या, कण किती बारीक आणि कोबाल्ट किती. कण बारीक आणि कोबाल्ट कमी म्हणजे कडक, झीज कमी, पण ठिसूळ. कोबाल्ट जास्त म्हणजे धक्का सहन करतं पण लवकर झिजतं. एमडीएफ आणि लॅमिनेट बोर्डाला पहिलं हवं, गाठीवाल्या सॉलिडला दुसरं. विक्रेत्याला ग्रेड विचारा. तो "इम्पोर्टेड आहे साहेब" म्हणाला तर ते ग्रेडचं उत्तर नाही.

ओल्या ओंडक्याच्या बँडसॉवर स्टेलाइटचे दात असतात, कोबाल्ट-क्रोमियमचा मिश्रधातू तो, धक्का खातो, गंजत नाही. फर्निचरवाल्यांचा त्याच्याशी फारसा संबंध येत नाही म्हणून सोडून देतो.

आणि मग डायमंड, पीसीडी, म्हणजे हिऱ्याच्या कणांची धार. १९५४ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत कृत्रिम हिरा तयार झाला आणि १९७० च्या दशकात त्याच्या कणांचा थर कार्बाइडवर बसवलेली टूल्स बाजारात आली. बोर्डाच्या कामात कार्बाइडच्या कितीतरी पट आयुष्य मिळतं ह्यात वाद नाही. पण धक्का लागला की दात उडतो. एक खिळा, एक क्लँप, टेबलावर विसरलेला एक स्क्रू, संपलं. म्हणून पीसीडी घेताना टूलपेक्षा आपल्या शॉपची शिस्त तपासायची. बोर्डात खडे-खिळे येतायत का, पार्ट कापताना हलतो का, स्पिंडलचं, म्हणजे कटर फिरवणाऱ्या दांड्याचं, बेअरिंग आवाज करतंय का. ह्यातल्या एकाचंही उत्तर हो असेल तर आधी ते निस्तरा, तोपर्यंत कार्बाइडच बरं.

आता मुख्य मुद्दा, हिशोब. अवघड काही नाही, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतो. फीड मिलिमीटर प्रति मिनिट घ्या, त्याला आरपीएम गुणिले दातांच्या संख्येने भागा, म्हणजे एक दात एका फेरीत किती मिलिमीटर खातो ते कळतं. ह्याला चिप लोड म्हणतात. समजा सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या, राउटरवर १२ मिलिमीटरचा दोन दातांचा कटर १८००० आरपीएमवर आहे आणि पार्टिकल बोर्डात एका दाताला ०.४ मिलिमीटर द्यायचे आहेत, तर फीड होतो १८००० गुणिले २ गुणिले ०.४, म्हणजे १४४०० मिलिमीटर, साडेचौदा मीटर प्रति मिनिटच्या आसपास. आता प्रत्यक्षात किती शॉपमध्ये ह्या फीडवर चालतं? चार मीटरवर चालवणारे मी बघितलेत, तिथे एका दाताला ०.११ मिलिमीटर पडतात, म्हणजे दात घासतोय. आणि ऑपरेटरला वाटतं आपण कटर जपतोय.

"पण आमचं मशीन एवढं पळतच नाही." मान्य. मग आरपीएम कमी करा किंवा दात कमी करा. ८ मीटरच्या वर जात नसाल तर दोन दातांच्या कटरला १०००० आरपीएमवर तेच ०.४ मिळतात, किंवा १८००० वरच ठेवून एक दाताचा कटर लावा, साधारण ०.४४ पडतात. दातांची संख्या वाढली म्हणजे कटर भारी असा एक समज आहे आणि हळू मशीनवर तो उलटा लागू होतो, तीन दातांचा कटर तिथे फक्त जास्त जळतो. आरपीएम कमी करताना एक बघा, स्पिंडलला पूर्ण पॉवर एका ठरावीक आरपीएमच्या वरच मिळते, त्याच्या फार खाली गेलात तर कापताना दम लागतो. स्पिंडलच्या प्लेटवर किंवा मॅन्युअलमध्ये ते असतं.

अजून एक गोष्ट जी प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. स्क्रीनवर १४ मीटर लिहिलं म्हणजे मशीन १४ ने चालतं असं नाही. पार्ट लहान असेल, कोपरे खूप असतील, तर मशीन वेग घेतं न घेतं तोच कोपरा येतो आणि परत ब्रेक. लहान ड्रॉवरच्या फ्रंटवर खरा फीड लिहिलेल्याच्या निम्माही नसेल कधीकधी. तेव्हा एकदा सायकल टाइम मोजा, कापलेली लांबी मोजा, भागाकार करा आणि खरा फीड काढा. टूल त्या आकड्यावर निवडायचं.

हे सगळं करायचं नसेल तर एक साधी खूण सांगतो. पार्टिकल बोर्ड किंवा सॉलिड कापल्यावर हातात दाणेदार, खरखरीत चुरा आला पाहिजे, पीठ नाही. आणि स्पिंडल पूर्ण थांबवून, मशीन बंद करून मग कटरच्या शँकजवळ, म्हणजे मशीनमध्ये पकडलेल्या दांडीजवळ, हात लावा, कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर तुमचा कटर घासतोय.

राउटर कटरचा आकार हा दुसरा विषय. अपकट म्हणजे चुरा वर काढणारा, खालची बाजू स्वच्छ ठेवतो आणि वरची फाडतो. डाउनकट वरची बाजू स्वच्छ ठेवतो पण चुरा खाचेतच दाबून ठेवतो, म्हणजे खोल कापात गरम होतो, वर पार्टला खाली दाबतो हा फायदाही आहे. दोन्ही बाजूंना लॅमिनेट असलेल्या बोर्डाला कंप्रेशन, म्हणजे टोकाकडे थोडा अपकट आणि वर सगळा डाउनकट, दोन्ही चेहऱ्यांवर दाब आतल्या बाजूला. मस्त चीज आहे, पण एक अट आहे आणि ती पाळली नाही तर पैसे पाण्यात. टोकाकडचा अपकट भाग जेवढा लांब, त्यापेक्षा पहिला पास खोल गेला पाहिजे. नाहीतर वरच्या लॅमिनेटला अपकटची धार लागते आणि कड फाटते. आता १८ मिलिमीटरच्या साइड पॅनलमध्ये मागच्या पाठीसाठी ८ मिलिमीटर खोल खाच मारायची आहे आणि तुमच्या कटरचा अपकट भाग १२ चा आहे, तर काय होणार? खाचेच्या दोन्ही कडा दातरलेल्या. मग लोक बोर्डाला शिव्या घालतात. अशा कामाला छोट्या अपकटचा कंप्रेशन मिळतो, साधारण ५ मिलिमीटर टोकाचा, किंवा खाचेसाठी वेगळा डाउनकट ठेवा. मी वेगळा डाउनकटच ठेवतो, कारण खाचेची रुंदी आणि आउटलाइन एकाच कटरवर अवलंबून ठेवायला मला आवडत नाही. हाच तो कंप्रेशनचा वर-खाली सरकवायचा प्रश्न पण, अपकट-डाउनकट जिथे मिळतात ती जागा बोर्डाच्या जाडीच्या आतच राहिली पाहिजे, म्हणून सरकवायला जागा थोडीच असते.

लांबीबद्दल लोक फार उदार असतात. "असू दे लांब, पुढे मागे उपयोगी पडेल." अजिबात नको. कटर किती वाकतो हे बाहेर राहिलेल्या लांबीच्या घनावर आणि व्यासाच्या चौथ्या घातावर ठरतं. म्हणजे ४० मिलिमीटरऐवजी ५० बाहेर काढलात तर वाकणं जवळजवळ दुप्पट, आणि १० चा कटर काढून १२ चा लावलात तर ताठपणा दुप्पट. एवढ्याशा फरकाने. तेव्हा १८ च्या बोर्डाला कटिंग लेंथ २२ ची बास आहे, ४२ ची घेऊन ठेवू नका.

आणि कॉलेट, म्हणजे कटरची शँक पकडून ठेवणारी फटींची नळी! ह्याच्यावर मी तासभर बोलू शकतो पण आवरतं घेतो. महागडा कटर आणि पाच वर्षं जुनं कॉलेट ही जोडी इतक्या ठिकाणी दिसते की विचारू नका. कॉलेट ही झिजणारी वस्तू आहे, स्प्रिंग स्टीलची, उष्णतेने तिचा ताण जातो, आतल्या फटीत रेझिनची धूळ बसते, मग कटर एका बाजूला कणभर सरकून फिरतो. तो कणभर म्हणजे काय, तर दोन दातांच्या कटरचा एकच दात काम करतो, दुसरा नुसता सोबतीला. शँकवर तपकिरी-काळ्या रेघा दिसल्या की समजा कॉलेट घसरतंय. प्रत्येक टूल बदलताना कॉलेट पितळी ब्रशने साफ करायचं, ईआर कॉलेट असेल तर आधी नटमध्ये टक करून बसवायचं आणि मग होल्डरला लावायचं (उलटं करणारे खूप आहेत, त्याने कॉलेट तिरकं बसतं), शँक तळाला टेकवायची नाही, आणि नट टॉर्क रेंचने घट्ट करायचा, पाइप लावून नाही. नवीन कटरच्या बजेटमध्ये नवीन कॉलेट धरलंच पाहिजे.

पॅनल सॉकडे, म्हणजे शीट कापायच्या गोल करवतीच्या मशीनकडे, येऊ. तिथेही तोच भागाकार. ३०० मिलिमीटरचं ९६ दातांचं ब्लेड ४००० आरपीएमवर आणि हाताने फीड मिनिटाला ८ मीटर, तर एका दाताला ०.०२ मिलिमीटर, जेमतेम. जास्त दात म्हणजे गुळगुळीत कट हे एका हद्दीपर्यंतच खरं, पुढे नुसती घासाघीस, कडेवर जळकट रंग आणि ब्लेड गरम होऊन लहरायला लागतं. पॉवर फीडच्या, म्हणजे मशीनच फीड देतं अशा, बीम सॉवर २० मीटरने ७२ दात चालवले तर ०.०७ पडतात आणि तिथे ब्लेड कसं आनंदात असतं ते आवाजावरूनच कळतं.

दातांचा आकार बघायचा. लॅमिनेट बोर्डाला ट्रॅपेझ-फ्लॅट, म्हणजे एक दात कोपरे कापलेला आणि थोडा उंच, पुढचा सपाट, आधीचा मधून वाट काढतो मग दुसरा बाजू साफ करतो, ही रचना टिकाऊ. सॉलिड लाकूड आडवं कापायला आलटून पालटून तिरके दात, हुक, म्हणजे दाताचा पुढे झुकलेला कोन, १० अंशांच्या आसपास. रेषेच्या दिशेने चिरायला कमी दात, ३०० च्या ब्लेडला २४ वगैरे, हुक १८-२० अंश आणि दातांमध्ये मोठी पोकळी, कारण तिथे लांब ढलप्या निघतात आणि त्यांना बसायला जागा लागते. चिरायच्या कामाला ९६ दातांचं ब्लेड लावलं की पोकळ्या भरतात आणि मग धूर. सरकत्या मायटर सॉला मात्र हुक शून्य किंवा उणे, नाहीतर ब्लेड स्वतःच लाकडावर चढत येतं.

वेग पण तपासा, ३०० चं ब्लेड ४००० आरपीएमवर कडेला साधारण ६३ मीटर प्रति सेकंद होतं, ते छान. तेच ४५० चं लावलं तर ९४, ते नको. ब्लेडवर कमाल आरपीएम कोरलेला असतो, तो सल्ला म्हणून कोरलेला नसतो. स्पिंडल मोल्डरचे, म्हणजे कडांना आकार देणाऱ्या मशीनचे, कटर घेताना हाताने फीड द्यायचा असेल तर हाताच्या फीडसाठीचेच घ्यायचे, युरोपियन स्टँडर्ड ईएन ८४७-१ प्रमाणे त्यावर 'मॅन' आणि मशीन फीडवाल्यावर 'मेक' असा शिक्का असतो. हातवाल्यात दात बॉडीच्या बाहेर अगदी थोडाच येतो, त्यामुळे लाकूड खेचून फेकण्याची ताकद कमी होते. इथे काटकसर नको, बोटं एकदाच मिळतात.

खालच्या बाजूचं चिपिंग म्हटलं की ९० टक्के लोक मेन ब्लेडला दोष देतात आणि गुन्हेगार असतं स्कोअरिंग ब्लेड. ते छोटं ब्लेड उलट्या दिशेने फिरून दीड-दोन मिलिमीटर खोल रेघ आधीच मारतं. ती रेघ मेन ब्लेडच्या रुंदीपेक्षा किंचित जास्त हवी, एका बाजूला पाच शतांश ते एक दशांश मिलिमीटर. शंकूच्या आकाराचं असेल तर वर घेतलं की रेघ रुंद होते. आता गंमत अशी की मेन ब्लेड शार्पनिंगला जाऊन आलं की त्याची रुंदी थोडी बदललेली असते आणि स्कोअरिंगचं सेटिंग जुनंच राहतं. कॅलिपरने मेन ब्लेडचे दात मोजा, मग एक तुकडा अर्धा कापून मागे घ्या आणि भिंगातून बघा, रेघ कुठल्या बाजूला सरकलीये ते लगेच दिसतं. स्कोअरिंग नसलेल्या मशीनवर उंच तिरक्या दातांचं, उणे हुकचं ब्लेड बऱ्यापैकी काम देतं, पण त्याची टोकं बारीक असतात म्हणून लवकर जातात, ते धरून चाला.

रंध्यावर एकच सांगतो. चार पाती असलेल्या ब्लॉकवर फिनिश बहुधा एकच पातं देतं, जे केसभर बाहेर असतं ते. १२ मीटर फीड, ६००० आरपीएम, एक पातं म्हणजे खुणा २ मिलिमीटरवर, हाताला लाटा लागतात. चारही पाती जॉइंट करून एका वर्तुळात आणली तरच अर्धा मिलिमीटर मिळतो. म्हणून पाती वाढवायच्या आधी सेटिंग सुधारा. हेलिकल ब्लॉक, छोट्या चौकोनी कार्बाइड इन्सर्टवाला, आवाज कमी करतो आणि एक कोपरा गेला तर इन्सर्ट फिरवता येतो, पण बसवताना खालची जागा साफ नसली तर कागदाएवढ्या धुळीनेही लाकडावर रेघ उमटते.

ड्रिलमध्ये आरपार भोकाला व्ही टोक, अर्ध्या भोकाला मधे टोक आणि बाजूला कापणारी जीभ असलेलं, बिजागरीला ३५ चं. मल्टिबोरिंगमध्ये, म्हणजे एकदम अनेक भोकं पाडणाऱ्या मशीनमध्ये, शेजारचे स्पिंडल उलटसुलट फिरतात, त्यामुळे डाव्या-उजव्या ड्रिलची अदलाबदल झाली की भोकातून धूर येतो. रंग वेगळे असतात, बहुधा लाल डावं आणि काळं उजवं, ते ऑपरेटरला एकदा दाखवून ठेवा.

आता पैसे. रुपये-डॉलर सोडा, नुसतं प्रमाण घ्या. समजा चांगल्या कार्बाइड कटरची किंमत १ आणि तो १००० मीटर स्वच्छ कड देतो. स्वस्तातला ०.६ ला आहे आणि ४०० मीटर देतो. मग १००० मीटरला तो पडला १.५ ला, वर टूल बदलायला मशीन जास्त वेळा थांबलं ते वेगळंच. डायमंडचा समजा १२ ला आहे आणि ४०००० मीटर देतो, तर १००० मीटरला फक्त ०.३. ऐकायला स्वप्नवत. पण तोच ५००० मीटरवर खिळ्याला लागून फुटला तर १००० मीटरला २.४, म्हणजे स्वस्तातल्यापेक्षाही महाग. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही भरा, पण भरा. मीटर मोजण्यासाठी वही पुरते, बहुतेक सीएनसी कंट्रोलर तर टूलनिहाय मीटर स्वतःच दाखवतात, फक्त कोणी ते पान उघडत नाही.

शार्पनिंगची वेळ पण त्याच वहीतून ठरवायची. धार बोथट होण्याचा वेग सारखा नसतो, बराच काळ हळूहळू आणि मग एकदम. तो एकदमचा टप्पा यायच्या आधी टूल काढलं तर शार्पनिंगला थोडंच मटेरियल जातं आणि फेऱ्या जास्त मिळतात. कड जळेपर्यंत ओढलंत तर एका फेरीत दोन-तीन फेऱ्यांचं मटेरियल जातं. मोटरचा अँपिअर चढायला लागला, आवाज बदलला, कडेला बोट फिरवल्यावर खरखर लागली, म्हणजे आधीच थोडा उशीर झालेला असतो.

आणि शार्पनिंग होऊन आलेला राउटर कटर मोजल्याशिवाय लावू नका. १२ चा ११.८ होऊन येतो. कंट्रोलरमध्ये व्यास तोच राहिला तर प्रत्येक पार्ट ०.२ ने मोठा, आणि ८ चा कटर असाच बारीक होऊन आला असेल तर एका पासमध्ये मारलेली ८ ची खाच ७.८ ची, पाठ बसतच नाही आणि असेंब्लीवाले हातोडी काढतात. शँकवर टॅग लावा, त्यावर आत्ताचा व्यास आणि कितवी धार ते लिहा. प्रत्येक महत्त्वाच्या टूलचे तीन नग ठेवा, एक मशीनवर, एक तयार, एक शार्पनिंगला. दोन ठेवले की शार्पनिंगवाला उशीर करतो त्याच दिवशी नेमका पहिला जातो.

नवीन लाइन लावताना, १८ चा लॅमिनेट बोर्ड धरला तर, मी सुरुवातीला डायमंड घेत नाही. ट्रॅपेझ-फ्लॅट कार्बाइड ब्लेड, त्याला जुळणारं स्कोअरिंग, १२ चा दोन दातांचा कंप्रेशन, खाचेला डाउनकट, ड्रिलचे दोन्ही सेट, आणि नवीन कॉलेट्स. दोन-तीन महिने मीटर लिहायचे, मशीन खरंच कुठल्या फीडला टिकतं ते बघायचं, बोर्डातून काय काय निघतं ते बघायचं. मग ज्या जागी सगळ्यात जास्त मीटर जातात आणि अपघात कमी होतात तिथे डायमंड, बहुतेक वेळा ती जागा एजबँडरचं प्रीमिलिंग, म्हणजे पट्टी चिकटवायच्या आधी कड साफ करणारा कटर, निघते, कारण तिथे खोली ठरलेली, फीड ठरलेला आणि पार्ट घट्ट धरलेला असतो. सप्लायर ट्रायलला टूल देतो म्हणाला तर घ्या, पण ट्रायल तुमच्या बोर्डावर, तुमच्याच प्रोग्रामवर, आणि आधी ठरवून की किती चिपिंग दिसलं की थांबायचं. त्याच्या डेमोतला बोर्ड नेहमी फार चांगला असतो.